आवळायचं शेवटी

सुतारबाबांच्या घरात ‘ठीक आहे’ ही सगळ्यांत मोठी शाबासकी होती. बायकोने नव्या संसारात पहिला स्वयंपाक केला तेव्हा ‘ठीक आहे’, मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा ‘ठीक आहे’, आणि स्वतः खपून केलेलं भलंमोठं कपाट गिऱ्हाइकाच्या भिंतीला बेमालूम टेकलं तेव्हाही ‘ठीक आहे’. याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता, आणि आता नेमकी त्याचीच गरज पडली होती.

गरज पडली ती जावयामुळे. जावई छापखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याचे हात काळेच, कारण त्याने कुठूनशी एक जुनी दोन सिलिंडरची ब्रिटिश मोटरसायकल अगदी मोडक्या अवस्थेत उचलून आणली होती आणि तिचा एकेक भाग तो लेकरासारखा न्हाऊमाखू घालत बसायचा. “या माणसाचं लग्न नक्की कुणाशी झालंय?” असं बाबा बायकोला विचारायचे. मग मुलगी आजारी पडली. हातापायांतली ताकद गेली, चमचासुद्धा धरता येईना. जावयाने मोटरसायकल आणि सुट्या भागांची खोकी सासऱ्यांच्या शेडच्या कोपऱ्यात आणून ठेवली, वर ताडपत्री टाकली आणि पाठ फिरवली. त्यानंतर छापखाना सुटला की तो थेट घरी, बायकोच्या उशाशी.

बाबांनी एका सुट्टीच्या दिवशी दारातून पाहिलं होतं. जावई मुलीची वेणी घालत होता. वेणी वाकडी आली, त्याने सोडली. पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. मुलगी म्हणाली, “राहू दे रे, मला कुठे मिरवायला जायचंय?” तो म्हणाला, “पण दिवसभर बघायचंय मला ना.” बाबा आल्या पावली परत फिरले. त्या दिवशी त्यांच्या हातून एकही फळी सरळ कापली गेली नाही.

आता मुलगी बरी झाली होती, आपल्या पायांनी चालत होती, आणि येत्या रविवारी दोघं जेवायला येणार होती. तोंडाने जे जमणार नाही ते मोटरसायकल बोलेल, असं बाबांनी ठरवलं. इंजिन जावयाने आधीच बांधून चौकटीत बसवलं होतं. राहिले होते इंजिनाला पेट्रोल पुरवणारे दोन कार्बोरेटर, त्यांच्या मागे हवा गाळून देणारी पत्र्याची पेटी, म्हणजे एअरबॉक्स, आणि इंजिनाच्या तोंडापासून मागे जाणारे धुराचे दोन पाइप नि सायलेन्सर.

“एक पेटी बसवायची आणि दोन नळ्या जोडायच्या,” बाबा बायकोला म्हणाले. “जन्मभर दुसरं केलं काय मी?”

“अहो, पण ती लाकडाची नाहीये,” बायको म्हणाली. बाबांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

घोडं तिथेच अडलं. सुताराची रीत अशी, की एक सांधा घट्ट बसल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. पहिला ढिला राहिला तर टेबल जन्मभर डुगडुगणार. बाबांनी डाव्या पाइपाचा क्लॅम्प इंजिनापाशी करकचून आवळला, मग उजव्याचा. दोन पाइपांना जोडणारी आडवी नळी मध्ये बसेना, ती लाकडी हातोडीने ठोकून बसवली. सायलेन्सर मागच्या पट्टीच्या भोकाशी जुळेना, तेव्हा कानस घेऊन भोकच मोठं केलं. कार्बोरेटरही आधी आवळून टाकले, त्यामुळे मागे एअरबॉक्सला जागा उरेना. त्याची कड घासली, खांद्याने रेटली, आणि एकदाचा तो आत गेला. पेटीला कार्बोरेटरशी जोडणारी रबरी नळकांडी त्या रेट्यात कुठे गेली ते दिसेना, पण बाहेरून सगळं कसं चकचकीत होतं. बाबांनी चार पावलं मागे सरून पाहिलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली, “ठीक आहे.”

रविवारी सकाळी त्यांनी गाडी अंगणात काढली आणि पाहुणे यायच्या आत किक मारून पाहिली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि गप्प झालं. पुन्हा किक, पुन्हा तेच. एका बाजूचा सायलेन्सर फुरफुरायचा, दुसऱ्यातून हूं की चूं नाही. किक मारून मारून बाबांच्या नाकी नऊ आले, सदरा पाठीला चिकटला, आणि मान वर करून बघतात तर फाटकात मुलगी आणि जावई उभे.

जावई गाडीपाशी येऊन उकिडवा बसला. पाइपावरून हात फिरवत मागे गेला आणि कानसलेल्या भोकावर त्याचं बोट थांबलं. बाबांनी किकेवरचा पाय हळूच खाली घेतला. या माणसाने आपल्या मुलीसाठी स्वतःची एकुलती एक आवडती गोष्ट सोडली होती, आणि आभार मानायच्या नादात आपण तिचीच वाट लावली!

जावयाने पाना उचलला आणि एकेक नट सोडायला सुरुवात केली. सगळेच्या सगळे.

“बिघडवली ना मी?” बाबांनी विचारलं.

“नाही हो बाबा. हिची रीत तुमच्या उलटी आहे, एवढंच. आधी सगळं नुसतं लटकवायचं. पाइप, नळी, सायलेन्सर, सगळ्यांना एकमेकांशी जुळवून घेऊ द्यायचं. सगळे आपापल्या जागी बसले, की मग पुढून मागे एकेक आवळत जायचं. आवळायचं शेवटी.”

“आणि ते भोक?”

“मोठं वॉशर लावू. कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल,” बाबा म्हणाले.

“मलाही,” जावई हसला. “बरंय की. तुमची सही राहील गाडीवर.”

मग दोघं कामाला लागले. ठोकून बसवलेली नळी ढिली होताच नुसत्या हाताने जागेवर सरकली. बाबा थक्क होऊन बघत राहिले. कार्बोरेटर सैल करून एअरबॉक्स मागे घेतला तेव्हा खरं दुखणं सापडलं. डावं नळकांडं आत दुमडून हवेची वाट अडवून बसलं होतं. बाबांच्या बायकोने गरम पाणी आणून दिलं, त्यात रबर मऊ केलं, पण त्या चिंचोळ्या जागेत ना जावयाचा पंजा शिरे ना बाबांचा.

“सरका जरा,” मुलगी म्हणाली.

तिने बाही वर सारली आणि हात आत घातला. आत काही दिसत नव्हतं, जे करायचं ते बोटांच्या अंदाजाने. जीभ दातांत धरून ती चाचपत राहिली. चमचा पडायचा त्याच बोटांतून.

“बसलं,” ती म्हणाली. “गोल कड सगळीकडून लागली हाताला.”

जावई घाईघाईने पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

सगळं पुढून मागे आवळून झालं. बाबांनी मोठं वॉशर स्वतःच्या हाताने लावलं. किक मात्र जावयाला मारायला लावली. पहिल्या किकेला हुंकार आला आणि दुसरीला इंजिन जे सुरू झालं ते भरदार, एकसारखं, अंगण दणाणून सोडणारं. मुलीने सायलेन्सरांच्या मागे दोन्ही तळवे धरले. “दोन्हीकडून सारखं येतंय!” ती ओरडली. जावयाचा चेहरा असा फुलला होता की बाबांना वेणीचा तो दिवस आठवला. मनात इतके दिवस अडकलेले शब्द आपोआप बाहेर आले आणि त्या दणदणाटात विरून गेले.

जावयाने ओठ हललेले पाहिले. त्याने चटकन इंजिन बंद केलं. “काय म्हणालात, बाबा?”

बाबांनी बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” बायको म्हणाली. “मोटरसायकलला सांगितलंत, तसं माणसाला सांगा.”

“मी म्हणालो,” बाबा जावयाकडे वळले, “माझी मुलगी हातातून चालली होती. तुम्ही धरून ठेवलीत. मी बाप असून मला ते जमलं नसतं. तुमचे फार, फार उपकार आहेत माझ्यावर.”

जावई खाली मान घालून फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. मग त्याने मान वर केली तेव्हा डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी खट्याळ होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

आधी मुलगी हसली, मग तिची आई, आणि मग बाबा असे हसले की डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता त्यांच्या सगळ्या तोंडाला काळं ग्रीस लागलं.