ओळख पटल्याशिवाय

"आणखी एक आला बघ," गेटमामा कॉम्प्युटरपुढून मान वळवून बायकोला म्हणाले. "दिला घालवून."

पलंगावरून उत्तर आलं नाही. अर्धांगाच्या झटक्यात मामींची वाचा गेली होती. ओठाची एक कड तेवढी हलली. मामांच्या लेखी ते हसू होतं.

सगळी नोकरी कारखान्याच्या फाटकावर गेली, म्हणून ते गेटमामा. पासवरचा फोटो बदललेला दिसला म्हणून त्यांनी एकदा खुद्द मालकाच्या जावयाला उन्हात ताटकळत ठेवलं होतं. ही गोष्ट ते ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगत. निवृत्तीनंतर मात्र अडवायला कोणी उरलं नाही, आणि मामा पार कोमेजले.

मग परदेशातली लेक सुट्टीत आली. तिने कॉम्प्युटर बसवला आणि त्यात फुकट मिळणारी फायरवॉल घातली.

"बाबा, कुठल्याही प्रोग्रॅमला इंटरनेटवर जायचं असलं की ही आधी तुम्हाला विचारेल. ओळखीचा असेल तर 'हो' म्हणा, शंका आली तर सरळ 'नाही'."

"म्हणजे गेटच की गं!"

तेव्हापासून मामा रोज अंघोळ करून, शर्ट खोचून कॉम्प्युटरपुढे ड्युटीवर बसत. रविवारी पडद्यावर लेक येई. मामींना फोनचा काही उपयोग नव्हता, त्यांना लेक डोळ्यांनी बघायची असायची. त्या दिवशी मामा त्यांचे केस विंचरून देत.

एका सकाळी पडद्यावर फायरवॉलची चौकट उघडली. लेक ज्यातून बोलायची, त्याच प्रोग्रॅमचं नाव. खाली लिहिलं होतं : हा प्रोग्रॅम मागच्या वेळेपेक्षा बदललेला आहे. जाऊ द्यायचं?

मामांनी चष्मा सारखा केला. नाव तेच, चित्र तेच, पण बदललेला. "मालकाचा जावई आला गं! खरा असता तर बदलला कशाला असता?" त्यांनी 'नाही' दाबलं. 'हेच उत्तर कायम ठेवा' या चौकोनातही खूण केली.

त्या रविवारी लेक दिसली नाही. तिचा फोन आला.

"बाबा, कॉल लागतच नाही. फायरवॉलने काही विचारलं होतं का?"

"रोजच विचारते. मी आहे ना! एकालाही सोडलेलं नाही. बिघाड तुझ्याकडे असेल."

"शेजारी कोणाला तरी दाखवा ना."

"परक्याला हात लावू देऊ नका, तूच सांगितलंस."

लेकीला रजा मिळत नव्हती. रविवार येत होते, जात होते. मामा केस विंचरत आणि मामी पडद्याकडे तोंड करून पडून राहत. "तिचं यंत्र दुरुस्त झालं की येईल हं," मामा म्हणत. मग मामींनी अन्न सोडलं. एका दुपारी त्यांनी बोट कसंबसं उचलून पडद्याकडे केलं. मामांनी पडदा नीट दिसावा म्हणून उशी उंच करून दिली. पडदा काळाच होता. संध्याकाळच्या आत मामी गेल्या.

लेक पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दोन दिवसांनी ती कॉम्प्युटरपुढे बसली. फायरवॉल उघडल्यावर त्या प्रोग्रॅमपुढची लाल फुली तिला दिसली.

"काय गं?" मामांनी मागून विचारलं.

तिने नुसतं बोट दाखवलं.

"हा होय. हा बदललेला होता."

"नवीन आला होता, बाबा. जुन्याच्या जागी आपोआप येतो."

मामांनी ते नाव पुन्हा वाचलं, मग पुन्हा.

"म्हणजे गेटवर तू होतीस."

लेकीला रडू आवरेना. "मीच म्हटलं होतं, शंका आली तर नाही म्हणा."

मामा पलंगापाशी गेले. उशी अजून तशीच उंच होती. तिच्यावर डोकं टेकून ते पडद्याकडे तोंड करून आडवे झाले.

"लाव," ते म्हणाले.

लेकीने फुली काढली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि कॅमेऱ्याने समोरची खोली दाखवली : पलंग, उशी, तिच्यावर शर्ट खोचलेला एक म्हातारा.

"दिसतं इथून," मामा म्हणाले. "अगदी स्पष्ट दिसतं."

आणि ते बघत राहिले.