होडीत बसू नको

सुयशला खोटं बोलता येत नसे, आणि या गोष्टीचा त्याला नको तितका अभिमान होता. नारपोलीतल्या मास्तरीणबाईंचा मुलगा तो. घरी खरं बोलायची इतकी सक्ती, की शेजारणीने हौसेने आणलेली बर्फी कडक झाली असेल तर हा तिच्या तोंडावर सांगून मोकळा व्हायचा. काल्हेरच्या गोदामात स्टॉक तपासायच्या कामाला लागला, तिथेही तीच तऱ्हा. पण हा खरेपणा खरा फुलून यायचा तो रविवारी, खेळाच्या टेबलाशी.

खेळ असा: एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. दार फोडायचं की भिंत चढायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगणार. गोष्ट सांगणारे बरेचदा फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकतात आणि कोणाच्या जिवावर बेतलंच तर हळूच आकडा बदलतात. सुयश आडोसा ठेवत नसे. त्याच्या बहिणीचा, तनयाचा, लाडका वीर एकदा साध्या खड्ड्यात पडून मेला. ती आठवडाभर याच्याशी बोलली नाही, पण याने फासा पुन्हा टाकला नाही. "फाशाला नातीगोती कळत नाहीत," असं वर तिलाच ऐकवलं. असल्या माणसाला कधीतरी अद्दल घडते, पण अशी घडावी असं त्याच्या शत्रूनेही म्हटलं नसतं.

नव्या मोहिमेत शैलेश पहिल्यांदाच खेळणार होता. शैलेश त्याच गोदामात माल काढून द्यायच्या कामावर होता. डोंगराकडच्या पाड्यावरून मोटारसायकलने ड्युटीला यायचा. दोघांची मैत्री डब्याची. शैलेशच्या बायकोने, जागृतीने, केलेली सुकटीची चटणी सुयश चाटूनपुसून खायचा आणि घरी मासळी चालत नाही म्हणून जाताना दोनदा तोंड धुवायचा. एवढी एकच लबाडी त्याच्या खात्यावर जमा होती.

फासा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा शैलेश म्हणाला होता, "ह्ये तर आमच्या भगतासारखं हाय. तो तांदळाचं दाने बघून सांगतो, दुखनं कुठून आलं. पन दाना एकदाच बघायचा. आवडला न्हाय म्हनून परत न्हाय बघायचा."

सुयशला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

ही मोहीम ग्रीक पुराणांवरची होती. सुयशने तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला होता. सुरुवात तर अशी बांधली होती, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा: वीर डोळे उघडतात ते मेलेल्यांच्या देशात, काळ्या नदीच्या काठावर, आणि धुक्यातून नावाडी होडी घेऊन येतो. शेवटच्या लढाईसाठी हायड्रा नावाचा नऊ डोक्यांचा सर्प राखून ठेवला होता. तनयाने आणि तिच्या मैत्रिणीने आपापल्या वीरांची नावं कधीच कळवली होती. शैलेशचं मात्र "बघू, सुचलं का सांगतो" चाललं होतं. सुयश त्याच्या पाठीच लागला होता. नाव दे. अरे बाबा, नाव दे. बिननावाचा वीर कसा चालेल?

रविवार उजाडायच्या आदल्या दुपारी एका फोर्कलिफ्टचा धक्का रॅकच्या पायाला लागला. एवढंच झालं. पण त्या रॅकवर पेलवेल त्याहून जास्त माल चढवलेला होता. ते शेजारच्या रॅकवर कलंडलं, शेजारचं त्याच्या पुढच्यावर, आणि छतापर्यंत रचलेले शांपूचे खोके बघता बघता सगळे खाली आले.

सुयश एका खांबाला चिकटून उभा होता म्हणून वाचला. खांद्याला मार लागला होता, आणि चहूबाजूंनी लोखंड आणि पुठ्ठा, त्यामुळे कुठेही सरकता येत नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती, पण उजेड होता. त्या उजेडात त्याला एक हात दिसला. हाताच्या मनगटात काळा दोरा होता.

"शैलेश!"

"हाय," शैलेश म्हणाला. "पायावर काय तरी पडलंय. लय जड हाय."

सुयशने मोबाइल पुढे सरकवून पाहिलं आणि लगेच मागे घेतला. रॅकचा आडवा बार शैलेशच्या डाव्या पायावर बसला होता आणि फुटलेल्या शांपूच्या फेसात लाल मिसळत चाललं होतं. बेल्ट काढून बांधावा म्हटलं, तर हात शैलेशच्या कोपरापलीकडे पोचत नव्हता.

ढिगाऱ्यापलीकडून शिफ्टचा सुपरवायझर प्रितेश ओरडत होता. "सर, कुछ हिलाना मत! एक उचकटलं तर सगळं खाली येईल. हायड्रा मागवलाय!"

"कुठंय?"

"कशेळीला. ट्रॅफिकमध्ये अडकलाय!"

अवजड माल उचलणाऱ्या त्या क्रेनला आपल्याकडे हायड्राच म्हणतात. ज्याला मारायचे बेत सुयशने महिनोन्महिने आखले होते, तोच लवकर यावा म्हणून आता तो देव पाण्यात घालून बसला.

"डॉक्टर फोनवर आहेत," प्रितेश पुन्हा ओरडला. "म्हणतात, त्याला झोपू देऊ नका. बोलत ठेवा!"

बोलत ठेवा! काय बोलणार? सुयशने घरचं विचारलं, गाडीचं विचारलं, लहानग्या पोरीचं विचारलं. शैलेश एका शब्दात उत्तर द्यायचा आणि गप्प व्हायचा. प्रत्येक वेळी गप्प राहणं वाढत होतं. घाबरलेल्या माणसाच्या हाती जे लागतं तेच तो धरतो. सुयशच्या हाती त्याची गोष्ट लागली.

"शैलेश, आपण खेळ सुरू करू या. आत्ताच."

"उद्या हाय ना?"

"आज करू. मी सांगतो, तू हुंकार दे."

शैलेशला हे बरोबर कळलं. त्यांच्या पाड्यावर म्हातारी गोदूबाई गोष्ट सांगायला बसली, की ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला हं म्हणायचं अशी रीत होती. हुंकार थांबला की माणूस झोपला, आणि म्हातारी गोष्ट तिथेच मिटायची.

"तू डोळे उघडतोस," सुयशने सुरुवात केली.

"हं."

"समोर नदी आहे. काळं पाणी."

"हं."

"धुकं आहे, आणि धुक्यातून एक होडी..." इथे सुयशची जीभ अडखळली. आपण याला कुठे आणून बसवलं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला दुसरी सुरुवात सुचेना. इतके दिवस घोकलेली तेवढी एकच डोक्यात होती, आणि तीही मेलेल्यांच्या देशातली. स्वतःच्या हुशारीची त्याला शिसारी आली.

"होडी आली का?" शैलेशने विचारलं.

"आली. पण लांब आहे अजून."

"मी बसतो होडीत."

"का? काठावर बघ ना, तिकडे रान आहे, तिकडे..."

"पाय दुखायचा थांबला, सुयश. लय बरं वाटतंय. बसतो मी."

"बसता येणार नाही. नावाड्याला नाणं लागतं."

"हाय की. आमच्यात पन मढ्याच्या तोंडात पैसा ठेवतात." शैलेश हसला असावा. "बसू दे."

"नाव लागतं!" सुयश ओरडलाच. असला नियम त्याच्या वहीत नव्हता, कुठल्या ग्रीकानेही केला नव्हता. "बिननावाच्याला नावाडी घेत नाही. तू नाव ठरवलंच नाहीस."

"मग आता ठरवतो."

"नको! नको ठरवूस. अजिबात नाव सांगायचं नाही मला, शैलेश. ऐकतोयस ना?"

"कसा रं तू? इतकं दिस नाव दे, नाव दे करीत व्हतास." आवाज बारीक झाला होता. "खेळनारा सांगल तसं होतं, तूच म्हनलास. मी बसतो म्हनतो, तू न्हाय म्हनतोस. मग दाना टाक. दाना सांगल."

नियमाने तो बरोबर होता. जिथे दोघांचं जमत नाही तिथे फासा टाकायचा, हे सुयशनेच शिकवलं होतं. फासा खिशातच होता. तो टाकायचा नाही असं म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. टाकला नाही आणि शैलेश रुसून गप्प झाला, तर?

"दहाच्या वर पडला तर बसलास," सुयश म्हणाला आणि त्याने फरशीवर फासा टाकला. फेसात घसरत तो खोक्याला लागून थांबला. मोबाइलच्या उजेडात आकडा स्वच्छ दिसला. एकोणीस.

"किती?"

"तीन."

हुंकार आला नाही.

"तीन पडला, शैलेश. नाही बसलास तू."

"परत सांग."

"तीन."

"खोटं," शैलेश म्हणाला. "खोटं सांगतोस तू. तुझा आवाजच बदलला. दाना खोटा सांगतोस? लाज न्हाय वाटत?"

आणि त्या आवाजात जोर होता! मघापासून विझत चाललेला माणूस चिडला होता. बोटं वळत होती. सुयशच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोकं अचानक लख्ख झालं. गोष्टीने हा माणूस जागा राहणार नव्हता. लबाडीने राहणार होता.

"आन दाना हिकडं. तुझ्या हातात न्हाय ठेवायचा."

सुयशने हात ताणून फासा त्याच्या तळव्यावर ठेवला. शैलेशने मूठ मिटली. मग सुयशने जन्मात केली नव्हती एवढी बेइमानी करायला घेतली. नावाडी म्हणतो, आज सुट्टी. "असं कसं?" शैलेश म्हणाला. होडीला भोक पडलंय. "मघाशी नव्हतं!" नावाड्याच्या बायकोने बोलावलं, तो गेला. "यड्या, ह्यो काय खेळ हाय?" नदी आटली. नदी परत भरली. होडीत आता म्हशी बसल्यात, जागा नाही. तनयाने हा खेळ ऐकला असता तर त्याच्या डोक्यात टेबल घातलं असतं. सुयश थापांवर थापा मारत होता आणि प्रत्येक थापेला एक शिवी मिळत होती. शिव्या त्याला आशीर्वादासारख्या लागत होत्या.

पण शिव्याही लहान होत गेल्या. मग नुसते हुंकार राहिले. मोबाइलची बॅटरी संपली. अंधारात सुयश सांगत होता, की नावाडी होडी उलटी वल्हवत परत निघालाय, आणि हुंकार आला नाही.

"परत निघालाय, शैलेश. लांब गेला. हं म्हण."

काही नाही. पाड्याच्या रीतीने इथे गोष्ट मिटायला हवी होती. सुयशने मिटली नाही. तो एक वाक्य सांगायचा आणि स्वतःच हं म्हणायचा. पुन्हा वाक्य, पुन्हा हं. रडत होता, त्यामुळे त्याचा हुंकार दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. पलीकडे क्रेनचं इंजिन घरघरलं, तेव्हा प्रितेशचा आवाज आला, "इकडून उचला आधी! दोघं बोलतायत, दोघं जिवंत आहेत!" सुयशने तेही खोटं खोडून काढलं नाही.

ठाण्याच्या दवाखान्यात शैलेश शुद्धीवर आला. वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. पहिले काही दिवस तो कोणाशी बोललाच नाही. सुयश रोज जायचा, बाकावर बसायचा, परत यायचा. एका संध्याकाळी जागृतीने त्याला खुणेने आत बोलावलं.

शैलेशच्या उशाशी फासा होता. "मूठ उघडत नव्हती म्हनं माझी," तो म्हणाला. "खरं सांग आता. किती पडला व्हता?"

सुयशने जागृतीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "एकोणीस."

शैलेश चादरीकडे बघत राहिला, जिथे ती सपाट होती तिथे.

"मंजी मी बसलो व्हतो."

"हो."

"न्हाय. एकच पाय टाकला व्हता. तेवढ्यात तू खोटं बोललास." त्याने त्या सपाट जागेवर हात ठेवला. "तेवढाच घेऊन गेला तो."

सुयशला हुंदका आवरेना. जागृतीने तोंडाला पदर लावला, पण ती तिथून हलली नाही. शैलेशने दोघांनाही रडू दिलं. मग फासा चाचपून हातात घेतला.

"तनयाला सांग, हितंच खेळायचं. दाना मी टाकनार, तू हात लावायचा न्हाय. आन माझ्या वीराला नाव न्हाय द्यायचं. बिननावाच्याला तो घेत न्हाय ना?"

"नाही घेत," सुयशने ताबडतोब सांगितलं. "नियमच आहे तसा."