मयतीचा डबा

खैरबोडीत माणूस मेला की त्याच्या घरची चूल गावाने पेटवायची, अशी रीत आहे. मयतीवरून माणसं परतली की भावकीबाहेरचा एक जण पत्र्याचा डबा घेऊन घरोघर फिरतो. डब्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं, फडक्याला मूठ जाईल एवढी चीर. ज्याने त्याने मूठ आत घालायची आणि उघडायची. कोणी काय टाकलं ते फिरवणाऱ्याने पाहायचं नाही, घरच्यांनी विचारायचं नाही. त्याच पैशातून तेरवीचा किराणा येतो आणि मेलेल्याच्या घरचा एक दाणाही त्या जेवणात पडू द्यायचा नाही, असा दंडक. ते जेवण होईस्तोवर घरच्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही. गरिबाची लाज राहावी म्हणून कोणा शहाण्या पूर्वजाने ते फडकं बांधलं असेल. बिचाऱ्याने दहा रुपयांचं नाणं पाहिलेलं नव्हतं.

हा डबा गेली कित्येक वर्षं पत्रूच फिरवायचा. बसथांब्यावर त्याची आलुबोंड्याची गाडी होती. कढईत घाणा सोडलेला असो, समोर गिऱ्हाईक उभं असो, कोणी गेल्याचं कळलं की हा जाळ विझवून निघायचा. गुणाबाई, त्याची बायको, करवादायची.

"गावात कोणीबी मेलं का तुमचाच नंबर पहिला काऊन लागते?"

"मेलेल्या माणसाले थांबवून नाई ठेवत, बाई," एवढं म्हणून तो टॉवेल खांद्यावर टाकायचा.

ऐन भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, गाडी लावता लावता त्याच्याच छातीत कळ आली. चाकाला टेकून बसला तो उठला नाही. ब्रह्मपुरीला दवाखान्यात न्यायला जीप आली तोवर जीपचं काम उरलं नव्हतं.

यावेळी डबा शेजारच्या लटारूने फिरवला. संध्याकाळी त्याने तो दोन्ही हातांनी उचलून गुणाबाईच्या पुढ्यात ठेवला आणि दम खात उभा राहिला.

"लय जड झाला, वहिनी. गावानं जीव लावला भावाले."

मयत उचलताना गुणाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसात कुजबुजल्याही होत्या, की ही रडत काऊन नाई. ती रडली डब्याच्या वजनाने. आपल्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या मयतीत घालवला, त्याची गावाने जाण ठेवली, असं तिला वाटलं. पदर तोंडाशी धरून ती पोटभर रडली. त्या रडण्याची तिला पुढे जेवढी चीड आली तेवढी दुसऱ्या कशाचीच आली नाही.

अजयने फडकं सोडून डबा पोत्यावर पालथा केला. हा तिचा मुलगा, ऊर्जानगरला वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. खळखळ करत जे बाहेर पडलं ते सगळं दहाचं नाणं होतं. मधूनमधून दोन-चार मळक्या नोटा दिसत होत्या, चुकून आल्यासारख्या.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्या भागात दहाचं नाणं चालत नाही. सरकारने बंद केलं म्हणाल, तर नाही. बँकेने नाकारलं म्हणाल, तर तेही नाही. कोणीतरी कधीतरी बाजारात बोललं, की खोटी नाणी आली आहेत, एवढ्या रेघांचं खरं आणि तेवढ्या रेघांचं खोटं. झालं. रेघा मोजत बसायला वेळ कोणाला, म्हणून सगळंच नाणं खोटं ठरलं. जीपवाला घेत नाही, भाजीवाली घेत नाही, भिकारी परत करतो. चिकटपट्टी लावलेली, हळदीने पिवळी झालेली, कोपरा उंदराने खाल्लेली दहाची नोट मात्र लोक कपाळाला लावून खिशात घालतात. मग घरोघर फडताळात ही नाणी साचतात आणि जो तो ती खपवायला टपून बसतो. लग्नाच्या आहेरात टाकावी तर पाकिटावर नाव असतं. मयतीच्या डब्यावर नाव नसतं.

"साल्यांनी कचरा झाडला आपल्या घरी," अजय म्हणाला.

गुणाबाईने पोत्यावरून एक पुडा उचलला. उदबत्तीच्या खोक्याच्या कागदात गच्च गुंडाळलेली नाणी, दोन्ही टोकांना खाकी टेप. असे पुडे गावात एकच माणूस बांधायचा. तो म्हणजे किराणा दुकानदार श्रीहरी.

दुसऱ्या दिवशी अजय तेरवीचा किराणा आणायला त्याच्याकडे गेला आणि रिकामी थैली घेऊन परत आला. श्रीहरीने नाण्याला हात लावला नव्हता.

"आई, मी ब्रह्मपुरीच्या बँकेत भरून देतो," अजय म्हणाला. "बँक घेते. किराणा तिकूनच आणू."

"बँकेनं तुया बापाले खांदा देला काय?" गुणाबाई म्हणाली. "बँकेच्या घरची मयत त्यानं उचलली होती काय? गावानं देलं ना, मंग गावातच चाललं पाह्यजे."

पोराला ते पटलं नाही. हिशेबी माणसाला पटण्यासारखं ते नव्हतंच. पण तिचा हिशेब पैशाचा नव्हता. आपल्या माणसाची गावात काय पत होती, तेवढंच तिला पाहायचं होतं आणि ते पाहिल्याशिवाय ती तेरवी उरकू देणार नव्हती.

सुतकातली बाई भर दुपारी रस्त्याने चालली तशी दारादारांतून माणसं डोकावली. डोकावू दे म्हणाली ती मनात. काल डब्यात हात घालताना हीच माणसं तोंड फिरवून उभी राहिली असणार.

"बाई, तू कायले आली?" श्रीहरी गडबडून उठला. "पोराले पाठवाचं होतं."

"पाठवलं होतं. तुम्ही रिकामी थैली वापस धाडली."

"चालत नाई न ते. मी घेतो म्हणलं तरी पुढचा व्यापारी मायापासून घेत नाई. मी का करू सांग?"

तिने तो पुडा त्याच्या गल्ल्यावर ठेवला.

"हा कोणाचा आहे?"

श्रीहरी एका बरणीचं झाकण पुसायला लागला. झाकण स्वच्छच होतं.

"असा कागद साऱ्यांच्याच घरी राह्यते."

"अन् टेप?"

"टेपबी राह्यते."

"श्रीहरीभाऊ, तुमच्या बुढ्याच्या मयतीले पाऊस लागला होता. लाकडं पेटत नोहोती. साऱ्या गावानं घरचा रस्ता धरला, अन् अजयचा बाप एकटा तुमच्यासंग मसणात बसून राह्यला. आठवते काय?"

"आठवते न, बाई. कसं नाई आठवन?"

"मंग हे टाकताना आठवलं नाई काय?"

त्याने बरणी खाली ठेवली. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग कठीण झाला. चूक उघडी पडली की माणूस नियमाच्या आड लपतो, तसा तोही लपला.

"हे पाय गुणाबाई, डब्यातल्याची चौकशी करत नाईत. रीत आहे. तुले काई म्हणाचं असन त रामाजीभाऊच्या छपरीत म्हण."

"तिथीच म्हणतो," ती म्हणाली आणि पुडा उचलून निघाली.

रामाजी म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं खोड. पंचांत त्याचा शब्द शेवटचा. संध्याकाळी त्याच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, माणसं जमली, श्रीहरीही आला. गुणाबाईने अजयकडून नाण्यांनी भरलेला डबा आणवला आणि मधोमध ठेवला. खाली टेकवताना तो असा वाजला की बोलणारे गप्प झाले.

रामाजीने समजुतीचा सूर लावला. "बाई, तू दुःखात आहेस. पण गावानं देलं, हेच लय समज. धर्माची गाय अन् दात काऊन नाई, असं इचारत नाईत."

"धर्माची गाय राह्यली असती त मी बिनदाताची बांधून घेतली असती, रामाजीभाऊ. तुम्ही मेलेली गाय आणून टाकली माया दारात."

कोणीतरी मागून हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"कोणी काय टाकलं ते कोणाले मालूम?" रामाजीचा आवाज चढला. "फडकं कायसाठी बांधलं आहे मंग?"

"गरिबानं कमी टाकलं त दिसू नोहे म्हणून. तुम्ही त्याच्याखाली आपली लबाडी झाकली. ज्याच्यापाशी नसन त्यानं रिकामी मूठ उघडाची होती, मी त्याचे पाय धरले असते. मी काल रडली, जी. डबा जड लागला म्हणून रडली. माया माणसाले गाव एवढं मानते, असं वाटलं मले."

कोणाला मान वर करवेना. पण रामाजी पंच होता आणि पंचाला चूक कबूल करायची सवय नसते.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता तुयं म्हणणं का आहे?"

"माया घरी तेरवी होणार नाई, एवढंच म्हणणं आहे. मी उद्या रोवण्याले जाईन. हा डबा इथीच राहू द्या. फडकं बांधून घ्या. पुढं ज्याच्या घरी मयत होईन, त्याच्या घरी हाच नेऊन ठेवा. फिरवाचीबी गरज नाई, भरलेलाच आहे."

पुढे कोणाची पाळी, याचा अंदाज खैरबोडीत सगळ्यांनाच होता. माघ महिन्यापासून रामाजीला काठीशिवाय अंगणात उतरवत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आधी डब्याकडे गेले आणि मग, नको नको म्हणताना, म्हाताऱ्याकडे वळले. ते रामाजीला कळलं. तो डब्याकडे पाहत राहिला. आपल्या तेरवीला लोक ताटकळत बसले आहेत आणि चूल थंड आहे, हे बहुधा त्याला दिसलं असावं. त्याने घसा खाकरला.

"श्रीहरी, घे रे बा ते. किराणा देऊन टाक. नाणं त खरंच आहे. बँक घेते न."

"घेतो न, जी," श्रीहरी लगेच म्हणाला. "मी कवा नाई म्हणलो? ब्रह्मपुरीले गेलो का भरून देईन."

काम झालं होतं. दुसरी एखादी असती तर हात जोडून घरी गेली असती. पण गुणाबाईच्या मस्तकात आता खरी तिडीक गेली. शरमेने जे झालं नाही ते भीतीने झालं, आणि तेही चुटकीसरशी.

"खरं आहे हे मालूम होतं तुम्हाले?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्यावरची माणसंही थांबली. "साऱ्यांनाच मालूम होतं? मंग खोटा कोण होता? पत्रू खोटा होता काय?"

लग्नातल्या उखाण्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अजयने चमकून आईकडे पाहिलं. रामाजीने काठी या हातातून त्या हातात घेतली. ती उत्तरासाठी थांबली नाही.

रात्रीच्या आत श्रीहरीच्या पोराने तांदूळ, तुरीची डाळ, तेल, गूळ सगळं आणून टाकलं. तोलून नाही, ढकलून. ठरल्या दिवशी तेरवी झाली. वांग्याची भाजी, वरण, भात, वडे असा बेत होता आणि सगळा गाव पंगतीला बसला. लोकांनी आडवा हात मारला. जेवताना पत्रूच्या भलेपणाच्या गोष्टीही निघाल्या. कुठला पाऊस, कुठलं मसण, कोणाला कसा खांदा दिला, असं बरंच काही. ज्यांनी नाणी टाकली होती तेच जास्त बोलत होते.

गुणाबाई रीतीप्रमाणे स्वतः वाढत होती. कोणाला नाही म्हटलं नाही, कोणाला कमी वाढलं नाही. रामाजीच्या पत्रावळीपाशी ती वाकली तेव्हा म्हाताऱ्याने हळूच वर पाहिलं.

"बाई, आता राग सोड. झालं न सारं नीट."

"या जेवणात माया घरचं काईच नाई, रामाजीभाऊ," ती म्हणाली. "सारं तुमचंच आहे, पोटभर खा. राग तेवढा माया घरचा आहे. तो मी कोणाले देत नाई."

तिने त्याच्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.