सहा खिशांची पॅन्ट

अजय सरांची नोटीस लागली तेव्हा धानोऱ्याच्या ऑफिसात माणसं होती पाच आणि शंका सात. जंगलातला माल विकत घेणाऱ्या संस्थेचे हे साहेब महिन्याभरापूर्वी पुण्याहून आलेले. शनिवारी कॅज्युअल कपडे चालतील, मात्र पोशाख कामाला शोभेल असा हवा, असं नोटिशीत होतं. म्हणजे नेमकं काय, हे विचारायची छाती कोणाची झाली नाही. हिशेब पाहणाऱ्या नानाजींनी रोजचाच शर्ट पॅन्टीबाहेर सोडला आणि आपल्यापुरता प्रश्न मिटवला.

देवानंदने मात्र नोटीस मनावर घेतली. चंद्रपूरकडच्या कोरपन्याचा पोरगा, इथं येऊन जेमतेम तीन महिने, त्यात नोकरी कंत्राटी. त्याने गडचिरोलीच्या बाजारातून सहा खिशांची शेवाळी हिरवी पॅन्ट आणली. शनिवारी ती घालून तो आला, तेव्हा शिपाई बिरजूने एकदा पॅन्टीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. कारण टेबलामागे बसलेले साहेब तेवढ्यात म्हणाले होते, छान, असंच स्मार्ट दिसलं पाहिजे. वर त्यांनी त्याला हिरंगटोल्याला पिटाळलं, मोहफुलं विकणाऱ्यांच्या यादीवर सह्या घ्यायला.

हिरंगटोला आठ किलोमीटर, सगळा रस्ता जंगलातला. गावात त्याची मोटारसायकल थांबली तशी पोरं घरात गेली. मोहाच्या टोपल्या झाडाखालीच राहिल्या, वेचणाऱ्या बाया दिसेनाशा झाल्या. चार पुरुष हात जोडून पुढे आले. देवानंदने यादी काढायच्या आतच एकजण सांगू लागला, "आमी कोणालेच जेवण नाई देल्लं, साहेब. कोणी आलंच नाई इकडे."

देवानंद आधी हसला. चौघांपैकी एकही हसला नाही, तेव्हा त्याचंही हसू आटलं.

सह्या झाल्या. वाचता येणाऱ्यानेही न वाचताच सही केली. मग बुधरी नावाची म्हातारी जवळ आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोणाकडचा हायेस, बाबू?"

"ऑफिसचा."

"असा पॅन्ट घालून कोन येते ऑफिसातून? जंगलातले बंदूकवाले बी हाच रंग घालत, पोलीस बी हाच घालते. आता कमी झालं म्हनते, पन दुरून तुले कोन इचारल, कोणाचा म्हनून?"

देवानंदने आलेल्या रस्त्याकडे वळून पाहिलं. येताना तो शिट्टी वाजवत आला होता, गाडी सावकाश चालवत, सगळ्यांना नीट दिसेल असा.

बुधरीने नवऱ्याची निळ्या चौकड्यांची लुंगी आणून दिली. पॅन्ट इथंच ठेवता का, असं त्याने विचारलं, तर ती दोन पावलं मागे सरली. घरात नाई ठेवत मी, म्हणाली. आता पॅन्टीचं करायचं काय? घातली तर एक भीती. पिशवीत ठेवली आणि कोणी पिशवी उघडली तर दुसरी. झुडपात फेकली आणि उद्या सापडली, तर गावावर बालंट, ही तिसरी. त्याने दुसरी पत्करली.

परतीच्या आठ किलोमीटरमध्ये त्याने गाडी पाच वेळा थांबवली. कधी पान वाजलं, कधी नुसतं वाजल्यासारखं वाटलं. एकदा मागून मोटारसायकल आली, तेव्हा त्याचे हात आपोआप वर गेले. तेंदूपत्त्याचा ठेकेदार होता. लुंगीतल्या, हात वर केलेल्या माणसाकडे बघत तो पुढे निघून गेला.

लुंगीतला देवानंद ऑफिसात शिरला तसा साहेबांचा आवाज चढला.

"हा पोशाख आहे का? इथे काही प्रोफेशनल शिस्त आहे की नाही?"

देवानंदने अडखळत सगळं सांगितलं. बुधरीचा प्रश्न तर दोनदा सांगितला. साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची नजर टेबलाखाली, स्वतःच्या पायांकडे गेली. त्यांचीही पॅन्ट शेवाळी हिरवी, खिसे सहाच. तीन वाजता त्याच रस्त्याने त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं.

"हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" आवाज आता फार बारीक होता.

"तुमीच तं छान म्हनले, साहेब," बिरजू म्हणाला. "मंग आमी काय बोलू?"

दौरा रद्द झाला. साडेपाचला सगळे घरी निघाले तरी साहेब टेबलामागून उठले नाहीत. बिरजूने घरून आपलं धोतर आणून दिलं, ते त्यांनी मुकाट्याने घेतलं.

सोमवारी भिंतीवर नोटीस नव्हती. देवानंदची पॅन्ट मात्र अजून पिशवीतच आहे, खाटेखाली. धुवायची म्हटली तर वाळत घालावी लागेल, आणि दोरीवरचं रस्त्यावरून दिसतं.