चौदाव्या मिनिटाला

गुलनूशची सगळी विद्या मोबाईलमधली, असं मी स्कीच्या लिफ्टपाशी चारचौघांत म्हणायचो. ती माझ्या भावाची मुलगी. परदेशातल्या एका संस्थेचा स्की-प्रशिक्षकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तिने हिवाळाभर केला होता. शेवटचं काम उरलं होतं: खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतानाचा वीस मिनिटांचा सलग व्हिडिओ, त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत पाठवायचा. फोन धरायला तिने मला तेहरानजवळच्या दिझिनच्या बर्फाळ उतारावर नेलं.

"काका, मध्ये बोलायचं नाही हं."

"तीस वर्षं स्की शिकवतोय मी. मला गप्प बसवतेस?"

"म्हणूनच सांगतेय."

विद्यार्थी दोनच होते. तेहरानचे दंतवैद्य सियामक आणि त्यांची बायको महलगा. व्हिडिओच्या चौदाव्या मिनिटाला दरीतून धुकं चढलं, आणि बघता बघता मला माझ्याच स्कीची टोकं दिसेनात. महलगा पुढे होती. सियामकनी हाक मारली. उत्तर नाही.

मी फोन खिशात कोंबला नि खाली सुटणार, तोच गुलनूशने माझा दंड धरला.

"थांबा! तुम्ही गेलात तर तिच्या स्कीच्या खुणा मोडतील. खाली ओढा आहे, त्याच्यावरचा बर्फ पोकळ असतो."

"अगं, बाई मरेल तिकडे!"

"म्हणूनच मी जाते. मी हलकी आहे. तुम्ही यांना धरून इथेच उभे राहा, दर मिनिटाला शिट्टी वाजवा. मी परतीचा रस्ता त्यावरूनच शोधणार."

स्की काढून, हातातली काठी पुढे खुपसत ती महलगाच्या खुणेच्या कडेकडेने उतरली. दहा पावलांत दिसेनाशी झाली.

मी शिट्टी वाजवत राहिलो. एकदा. दोनदा. सियामक माझी कॉलर धरून ओरडले, "पोरगी आहे ती! तुम्ही का नाही गेलात?"

"तिला कळतं," मी म्हणालो. असं मी तिच्याबद्दल आधी कधी बोललो नव्हतो.

नवव्या शिट्टीनंतर खालून दोन आखूड शिट्ट्या आल्या. मी लांब शिट्टी फुंकून उत्तर दिलं.

दोघी वर आल्या तेव्हा महलगाच्या एका पायात स्की नव्हती. ती छातीपर्यंत बर्फात रुतली होती आणि पायांखाली पाणी वाहताना ऐकू येत होतं, म्हणाली. गुलनूशने पालथं पडून काठी पुढे केली होती आणि तिला आडवं ओढून काढलं होतं. सियामकनी बायकोला मिठी मारली आणि माझ्याकडे न बघता माझी कॉलर नीट केली.

खिशातला फोन चालूच होता. पण चौदाव्या मिनिटानंतर नुसता अंधार आणि माझ्या शिट्ट्या. गुलनूशने संस्थेला झालं ते जसंच्या तसं कळवलं. त्यांनी दोन दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या सकाळी आभाळ मोकळं होतं. सियामक आणि महलगा स्वतःहून आले आणि आम्ही व्हिडिओ पुन्हा काढला.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. शिकवण्यात पास, पण व्हिडिओत दिसलेल्या स्वतःच्या स्कीच्या वळणांत नापास. ती परीक्षा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. गुलनूश खोलीत जाऊन बसली. संध्याकाळी मी तिच्या दारात गेलो.

"उद्या सात वाजता चल. तुझा डावा गुडघा आत वळतो, मी बघितलंय."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मध्ये बोलायचं नाही म्हणालीस ना."

तिने उशी फेकून मारली.