कमानीऐवजी पायवाट

नव्या रेंजरबाई अभयारण्यात हजर झाल्या त्याच आठवड्यात पर्यटनाचा निधी आला. कशासाठी, तर प्रवेशद्वारावर दगडी कमान बांधायला. वर दोन हरणं, खाली कारंजं.

बाईंनी कागद वाचला आणि खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. सलग दोन उन्हाळे जाळरेषेला पैसे मिळाले नव्हते. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला रुंद पट्टा. वणवा तिथवर येतो आणि खायला काही नाही म्हणून थांबतो. आता त्या पट्ट्यावर कमरेएवढं वाळकं गवत माजलं होतं.

त्यांनी विभागाच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, पैसा पर्यटन सुविधांसाठी आलाय, दुसरीकडे वळवला तर दोघांच्याही नोकरीवर येईल, आणि वर्षअखेरीपर्यंत खर्च झाला नाही तर परत जाईल. कमान बांधा आणि मोकळ्या व्हा.

बाईंनी फोन ठेवला. समोर हेडक्लार्क बसले होते. सगळं ऑफिस त्यांना टाचणी म्हणायचं, कारण कुठल्या कागदाला कुठला कागद जोडायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, नसत्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण त्यांचा मेव्हणा इथलाच वनरक्षक, आणि मागच्या वणव्यात त्याचे दोन्ही हात भाजले होते. तिसऱ्या दिवशी टाचणींनी नियमांचं एक पान बाईंपुढे सरकवलं. सुविधांच्या यादीत कमान होती, बाकं होती आणि पर्यटकांसाठी पायवाटही होती. ती किती रुंद असावी, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

"सहा मीटर रुंद पायवाट?" बाईंनी विचारलं.

"माणसं जोडीजोडीनं चालतात," टाचणी म्हणाले.

बाई हसल्या, पण लपवाछपवी नको म्हणाल्या. प्रस्तावात त्यांनी सरळ लिहिलं की पायवाट डोंगराच्या धारेवरून जाईल आणि वणवाही अडवेल. प्रस्ताव दोनदा परत आला. घरी आई म्हणाली, नवी नोकरी, नवी जागा, कशाला पदरात निखारा घेतेस? सकाळी पहिली बस पकडून बाई साहेबांच्या दाराबाहेर जाऊन बसल्या आणि दुपारी आत बोलावणं आलं.

साहेबांनी विचारलं, त्या धारेवर चालायला येणार कोण?

"माणसं येवोत न येवोत, साहेब. वणवा नक्की येणार आहे."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा चाळले. शेवटी म्हणाले, जबाबदारी तुमची, तसं लिहून द्या. बाईंनी तिथेच उभ्याउभ्या लिहून दिलं.

पाच आठवडे काम चाललं. सहा किलोमीटरपैकी चार झाले आणि पैसे संपले. पंधरा दिवसांनी, भर दुपारी, पलीकडच्या उतारावर धूर दिसला. झालेल्या चार किलोमीटरांवर वणवा पट्ट्यापर्यंत आला आणि निवला. उरलेल्या टोकाला मात्र त्यानं धार ओलांडली. बाई आणि अकरा वनरक्षक हिरव्या फांद्यांनी झोडपत राहिले. संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली, पण एक उतार आणि पहाऱ्याची झोपडी गेली. माणसं सगळी सुखरूप होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि पायवाट पूर्ण चालले. एका बाजूला काळं, एका बाजूला हिरवं. जिथे पट्टा संपला तिथे दोन्हीकडे काळंच होतं. उरलेले दोन किलोमीटर पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले.

"उन्हाळा अजून महिनाभर आहे," बाई म्हणाल्या. "ऑफिसच्या छताच्या दुरुस्तीचे पैसे पडून आहेत. ते विभागाचेच आहेत, तुमच्या सहीनं इकडे वळवता येतील. परवानगी द्या."

"छत गळेल ना."

"गळू दे. खाली बादली ठेवता येते."

साहेबांनी काजळलेले बूट दगडावर आपटले आणि अर्ज पाठवा म्हणाले. अर्ज बाईंच्या खिशातच होता. टाचणींनी जोडपत्रंही लावून दिली होती. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर सही केली, आणि जीप वळणाआड जाते न जाते तोच बाईंनी मोजपट्टी उलगडून तिचं टोक वनरक्षकाच्या हातात दिलं.