पायाला विचारावं

"खेळणाऱ्या पोरीच्या तोंडाला विचारू नये, पायाला विचारावं," असं माझ्या सासूबाई, राजाबाई, मी लग्न होऊन आले तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. मी बी.एस्सी. झालेली, दुखत असेल तर माणूस सांगतोच की. पुढे मूल झालं, न बोलणाऱ्या जिवाचं दुखणं ओळखण्यात माझे दिवस जायला लागले, आणि ते वाक्य परत आठवलं.

खेळणारी पोरगी म्हणजे माझी नणंद कुंदा. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. कुंदा अंबरनाथ पूर्वेच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममधली सगळ्यात तेज मुलगी. समोरची पोरगी डावीकडे झुकेपर्यंत ही उजवीकडून निघून गेलेली असायची, आणि तोंडावर असा भाव, जणू दळण आणायला निघालीय. माझं बाळ किरकिरायला लागलं की मी त्याला घेऊन मैदानाच्या कठड्यावर बसायची. बॉलची टपटप ऐकली की ते गप्प.

टीम चिंतामणी सरांची. दिवसा कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी शिट्टी. आमच्या पोरी धावायच्या वाऱ्यासारख्या, पण उंची नाही. रिंगवरून उडालेला बॉल दुसऱ्यांच्या पोरी आमच्या डोक्यांवरून अलगद काढून घ्यायच्या. जिल्ह्याचा कप दरवर्षी तिथेच हुकायचा. उल्हासनगरच्या टीमचं नेमकं उलटं. तिथे ताडासारखी मीनल होती, पण तिच्यापर्यंत बॉल नेणारं कुणी नव्हतं. ती टीम चालवायचे कापडबाजारातले नारी शेठ. सिंध्यांत नारी हे पुरुषाचं नाव. आमच्या पोरी म्हणायच्या, नावच असलं, मग मुलींची टीम नाही तर काय काढणार.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत, स्पर्धेची नावं द्यायच्या आधी, नारी शेठ सरांकडे आले आणि सरळ सौदाच मांडला. "सर, लंबी तुम लो, तेज हमको दो." मीनल आम्हाला, कुंदा त्यांना.

सर त्या दिवसांत आमच्याकडे चहाला आले की हेच. मीनल आली तर रिंगखालचा बॉल आपला, पण तो तिच्यापर्यंत पोचवायचा कुणी? मग स्वतःच म्हणायचे, धाकट्या पोरी शिकतील, उंची काय शिकवता येते? आणि कुंदाला जायचंच होतं. रेल्वेवाले खेळाडू निवडायला उल्हासनगरच्या मॅचना येऊन बसायचे. तिथून मुली नोकरीला लागल्या होत्या. आमच्या घरात तोवर एकाही मुलीने नोकरी केली नव्हती. माझे मिस्टर, सुदाम, तिला आत्ताच "रेल्वेबाई" म्हणायला लागले होते.

सरांनी तिला एकच विचारलं, पाय-बिय ठीक ना? नारी शेठला मी शब्द देणार आहे.

"एकदम फर्स्टक्लास, सर."

मी मात्र बघत होते. मोरीत कपडे धुताना ती उकिडवी बसेना. बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. ओट्याच्या पायऱ्या उतरताना दर पायरीला उजवाच पाय आधी. एकदा विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, बाळाचं झालं की आता माझ्यामागे लागलीस? मला पण ग्राइप वॉटर पाजणार का?" मी हसले. पण रात्री झोप लागेना.

रविवारी विहारात वंदनेला गेलो. मी बाळामुळे दाराजवळ, शेवटच्या रांगेत. कुंदाने आपणहून हात पुढे केले, दे त्याला, मी घेते. मला बरं वाटलं, आत्याला माया आहे. सगळे पंचांग प्रणामाला गुडघे टेकून वाकले, मीही वाकले, आणि कपाळ जमिनीला लागलं असतानाच माझ्या लक्षात आलं. कडेवर मूल असलं की गुडघे टेकायला कुणी सांगत नाही.

मग पंचशील सुरू झालं. माझ्यामागून कुंदाचा आवाज येत होता, स्वच्छ, शाळेतल्यासारखा. चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथे, तो आलाच नाही. पाचव्याला परत आला.

बाहेर चपला घालताना सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "चौथं गिळलंस गं."

कुंदाने बाळ माझ्या हातात दिलं आणि सरांच्या घराच्या रस्त्याला लागली. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून असेल, उघड उघड लंगडत चालली होती. मी बाळाला घेऊन मागोमाग.

सरांकडे नेमके नारी शेठ बसलेले, सौदा पक्का करायला. सरांना आत बोलवून सांगता आलं असतं. तिने दोघांच्या समोर सांगितलं.

"सर, उजवा गुडघा मधेच सुटतो. पावसाळ्यापासून. तुम्ही यांना शब्द देऊ नका."

सरांनी कप खाली ठेवला. नारी शेठ तिच्याकडे वळले. "बेटी, मैं बाजार में बैठता हूँ. माल में नुक्स हो तो दुकानदार छुपाता है. माल खुद आके बोले, ये पहली बार देखा." मग स्कूटरची किल्ली उचलली. सौदा मोडला, मीनल त्यांच्याकडेच राहिली. पण जाताना त्यांनी आपल्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला, माझं नाव घ्या म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली दोरी, लिगामेंट, तुटलीय, हा सीझन विसरा. कुंदा सीझन विसरली नाही, फक्त खेळली नाही. रोज कठड्यावर बसून धाकट्या पोरींना ती उंच पोरींशी, खास करून मीनलशी, कसं खेळायचं ते शिकवायची. तिला रिंगखालून बाहेर ओढा, बाहेर आली की ती नुसती उंच, बाकी काही नाही. त्या जोरावर आमच्या पोरी फायनलला पोचल्या. समोर उल्हासनगर.

शेवटची काही मिनिटं, आम्ही एका बास्केटने मागे. लोक ओरडायला लागले, कुंदाला मैदानात सोडा. तिने बूट घातलेलेच होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. ती उठली.

"बस," सर म्हणाले. तिच्याकडे वळून बघितलंही नाही. बघितलं असतं तर बहुतेक पाठवलं असतं.

त्याच बास्केटने हरलो. सरांना कप नको होता असं नाही. इतक्या वर्षांचा कप त्या माणसाने एका गुडघ्यासाठी सोडला. आणि त्या पोरीने रेल्वे सोडली, एका गिळलेल्या ओळीसाठी. माझं बाळ मोठं झालं की त्याला कुणाच्या गोष्टी सांगायच्या, हे माझं तेव्हाच ठरलं.

रेल्वे आली नाही ती नाहीच. कुंदा आता बदलापूरला एका शाळेत खेळ शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते. गेल्या वर्षी तिच्या पोरींनी उल्हासनगरला हरवलं. पण ऐकते, ती त्यांच्याबरोबर स्वतःही धावते. मला दुसरं मूल झालंय, सारखं जाणं होत नाही. तुमच्यापैकी कुणी बदलापूरला राहत असाल, तर एखाद्या संध्याकाळी त्या मैदानावर डोकावून या. तिला काही विचारू नका, "मस्त" म्हणेल, आणि ते तिला खोटं वाटत नाही. फक्त पायऱ्या उतरताना ती दर पायरीला उजवाच पाय आधी टाकते का, तेवढं बघा आणि मला कळवा.